बर्गींची सहल

१

चंदननगरचा घाट मागे टाकून बस जेमतेम मोठ्या रस्त्याला लागली होती. मागच्या बाकांवर अंताक्षरी रंगात आली होती, आणि तेवढ्यात हेमाचा आवाज आला.

"माझी नथ! अहो, माझी नथ कुठाय?"

बावीस मराठी माणसं एका मिनीबसमध्ये असताना शांतता पसरणं ही अशक्य गोष्ट, पण ती पसरली. हेमाने पर्स मांडीवर उपडी केली होती. कंगवा, रुमाल, खोकल्याच्या गोळ्या, बांसबेडियाच्या देवळाबाहेर घेतलेलं मातीचं घोडं, सगळं होतं. नथ तेवढी नव्हती.

ही काही स्नेहसंमेलनात लावतात तसली खोट्या मोत्यांची नथ नव्हती. हेमाच्या आजेसासूबाईंची, अस्सल बसऱ्याच्या मोत्यांची, मध्ये लाल खडा असलेली. मूळची टोचलेल्या नाकाची. हेमाचं नाक टोचलेलं नाही, म्हणून तिने ती पुण्याच्या सोनाराकडून दाबाची करून घेतली आणि त्याबद्दल सासूबाईंचं दोन वर्षं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे हे कुटुंब चार वर्षांपूर्वी कोलकात्याला आलं, तेव्हा नथही आली. संक्रांतीच्या सहलीला सगळ्या बायकांनी नऊवारी नेसून फोटो काढायचे ठरवले, म्हणून ती आज सात महिन्यांनी कपाटाबाहेर पडली होती.

"कोणीही जागचं हलायचं नाही!" मराठी मंडळाचे अध्यक्ष श्यामसुंदरराव उभे राहून गरजले. ताशी साठच्या वेगाने धावणाऱ्या बसमधून कोण कुठे जाणार होतं, हे त्यांनाच ठाऊक. ते आयुष्यभर सरकारी कंपनीत दक्षता विभागात होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी विभाग काही त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता.

त्यांनी सगळ्या बसवरून नजर फिरवली आणि ती पुढे, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, नेऊन थांबवली. तिथे ऋता बसली होती. सहल कंपनीची गाइड, सव्वीस वर्षांची, हातात नव्या लग्नाचा शंखाचा आणि लाल पोवळ्याचा चुडा.

"ड्रायव्हर दिवसभर गाडीतून उतरलेला नाही," श्यामसुंदरराव मराठीत म्हणाले, म्हणजे तिला कळू नये. "आपल्यात परकं माणूस एकच आहे."

त्यांनी तिथल्या तिथे कंपनीच्या मालकाला फोन लावला. दोन मिनिटं हिंदीत, एक मिनिट इंग्रजीत. फोन ठेवला आणि निकाल जाहीर केला. "मालक स्वतः धर्मतल्ल्याला येऊन थांबतायत. उतरल्यावर पहिली बॅग हिची. नथ मिळाली तर पोलीस, नाही मिळाली तरी उद्यापासून हिची सुट्टी. तक्रार आलेली गाइड ते ठेवत नाहीत."

ऋताला मराठी येत नव्हतं. पण 'पोलीस' समजायला मराठी यावं लागत नाही. तिने वरच्या फळीवरची आपली पाठपिशवी काढून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

ते तेव्हा फक्त एका माणसाने पाहिलं.

२

पुढून दुसऱ्या बाकावर सुनीतीताई टिपणीस संत्रं सोलत बसल्या होत्या. जन्म भवानीपूरचा, शिक्षण भवानीपूरचं, आणि नोकरी एकतीस वर्षं हावडा स्टेशनात, हरवलेल्या सामानाच्या कचेरीत. छत्र्या, डबे, हार्मोनियम, एकदा तर बंगाली नवरदेवाचा टोपर म्हणजे लग्नातला मुकुट, असे हजारो जिन्नस त्यांच्या हाताखालून गेले होते. त्या अनुभवातून त्यांचा एक सिद्धान्त तयार झाला होता आणि तो त्या घरी दारी सगळ्यांना ऐकवत: शंभर वस्तू हरवतात, त्यातल्या दहा चोरीला जातात. उरलेल्या नव्वद कोणीतरी नीट जपून ठेवलेल्या असतात.

पण आज प्रश्न नुसत्या नथेचा नव्हता. सकाळीच ऋताने त्यांना बंगालीत मावशी म्हणत विश्वासाने सांगितलं होतं, "माशीमा, आजची माझी एकटीची पहिली ट्रिप. नीट झाली की नोकरी पक्की." नवरा बजबजच्या ज्यूट मिलमध्ये होता, मिल महिनाभर बंद होती. हिच्या नोकरीवर घर चाललं होतं. आणि मंडळाला ही कंपनी सुचवली होती खुद्द सुनीतीताईंनी.

धर्मतल्ला यायला दीड तास होता.

वस्तू सापडत नसेल तर दिवस शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचा, ही कचेरीतली जुनी सवय. पण आज त्यांनी सुरुवातच पकडली.

सकाळी सातला बस निघाली. ऋताने माइक हातात घेतला आणि हसत हसत हिंदीत पहिलाच बॉम्ब टाकला. "आज मला जरा भीती वाटतेय. तुम्ही सगळे बर्गी!" अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी मराठे घोडेस्वार इथे चौथाई वसूल करायला येत, त्यांना इथे बर्गी म्हणत, त्यांच्या धास्तीने कलकत्त्याने स्वतःभोवती खंदक खणला होता. पोरं झोपेनात तर आया त्यांना बर्गी येतील म्हणून सांगत. श्यामसुंदररावांना ते लागलं. बाकी बस खो खो हसली.

बॅण्डेलचं चर्च झालं, हुगळीचा इमामबाडा झाला. बांसबेडियाला उतरताना हेमाचा पदर सुटला, तेव्हा तिच्या सासूबाई, श्यामलाकाकू, आपल्या बांगडीत अडकवलेल्या तीन सेफ्टी पिनांतली एक काढून देत म्हणाल्या, "साडी नेसता येत नाही तर मिरवायची हौस कशाला?" काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या कापडी पिशवीत देवीसाठी आणलेला हिरवा इरकली खण होता. पण हेमाचे फोटो संपेपर्यंत बारा वाजून गेले, गाभाऱ्याचं दार बंद झालं आणि खण पिशवीतच राहिला. त्यावरूनही हेमाने ऐकून घेतलं.

जेवण चंदननगरला, नदीकाठच्या एका खानावळीत. नथ घालून जेवता येत नाही, म्हणून हेमाने ती काढली. जेवणानंतर तिथल्याच व्हरांड्यात हळदीकुंकू झालं. रथसप्तमी दोन दिवसांवर, वाण लुटायचं होतं. ऋता नव्या लग्नाची, पहिल्यांदाच आलेली, म्हणून तिची ओटी भरायची असं सुनीतीताईंनीच ठरवलं. मंडळातली आरती नारळ, तांदूळ, बोरं, उसाचे करवे सगळं घेऊन आली होती. खण मात्र घरी टेबलावर विसरली होती. "थांबा, आईंच्या पिशवीत देवीचा आहे की! देवीला नाही मिळाला, हिला मिळू दे," म्हणून हेमाने तो काढून दिला. त्रिकोणी घडी, वर शिस्तीत लावलेली पीन. सुनीतीताईंनी तो ऋताच्या ओढणीत घातला, वर नारळ ठेवला, आणि ओटी म्हणजे काय ते तिला बंगालीत समजावलं. पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग तिळगूळ वाटला. मग माणसं मोजून बसमध्ये चढवली.

यात चोरी कुठे बसत होती, ते काही सुनीतीताईंना दिसेना.

३

त्या उठून हेमाजवळ जाऊन बसल्या.

"जेवायला बसताना काढलीस. कुठे ठेवलीस?"

"पर्सच्या आतल्या कप्प्यात. चेन लावली होती, सुनीतीताई, शपथ."

"पर्स कुठे होती?"

"खुर्चीच्या पाठीला. हात धुवायला गेले तेव्हा तिथेच राहिली. परत आले, खांद्याला लावली, ती आत्तापर्यंत." हेमाने डोळे पुसले. "माझ्या एका बाजूला आरती होती, दुसऱ्या बाजूला आई, समोर श्यामसुंदरकाका. आणि ती गाइड दोनदा येऊन गेली, ताटं मोजायला."

"काकू काय म्हणतायत?"

हेमाने खिडकीशी बसलेल्या सासूबाईंकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तेच तर. एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळपासून पदरावरून बोलल्या, फोटोंवरून बोलल्या, चहात साखर जास्त झाली त्यावरून बोलल्या. आणि नथ हरवली तर गप्प. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. आता मनातून उतरलेच मी त्यांच्या."

आरती वाटच बघत होती. सुनीतीताई वळायच्या आत तिने आपली पर्स बाकावर रिकामी केली. "बघून घ्या. माझ्या बहिणीच्या लग्नात दोन तास मागितली होती ती नथ, काकू नाही म्हणाल्या. सगळ्यांना माहितीय. म्हणजे आता माझ्यावरच येणार."

"तुझ्यावर कोणी आणलंय? मला एवढंच सांग, हात धुवून आधी कोण परत आलं?"

"मीच. टेबलाशी काकू एकट्या होत्या. त्यांचं वरण-भाताचं जेवण आधीच आटोपलं होतं. पर्स त्यांच्या डोळ्यांसमोर होती, कोण हात लावणार?"

"आणि श्यामसुंदरराव?"

"ते बिलावरून व्यवस्थापकाशी भांडत होते. पार शेवटपर्यंत."

श्यामसुंदररावांनी हे ऐकलं आणि आपणहून दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. "संशयाच्या वर कोणीच नसतं, सुनीतीबाई. अध्यक्षसुद्धा नाही." मग हलक्या आवाजात म्हणाले, "पण तुम्ही उगाच वेळ घालवताय. तिने बॅग कशी धरलीय बघा. माझी छत्तीस वर्षांची नोकरी सांगते, माल तिथेच आहे."

सुनीतीताईंनी पाहिलं. ऋता पुढे मान घालून बसली होती. सकाळपासून दर दहा मिनिटांनी माइक उचलणारी मुलगी, डानकुनीचा फाटा आला तरी गप्प होती.

४

सुनीतीताई हातातलं अर्धं संत्रं घेऊन पुढे गेल्या आणि तिच्याजवळ, इंजिनाच्या उंचवट्यावर, टेकल्या.

"खा," त्या बंगालीत म्हणाल्या.

ऋताने नकारार्थी मान हलवली. 

"ऋता, मी काही पोलीस नाही. एकच विचारते. बॅगेत काय आहे?"

"पाण्याची बाटली. छत्री. मघाशी तुम्ही दिलेलं ते सगळं." ती थांबली. तिच्या चुड्याचा बॅगेच्या चेनवर टकटक आवाज होत होता.  "माशीमा, माझी बॅग उघडायला लावू नका. तुमच्या पाया पडते."

 एकतीस वर्षांत त्यांनी चोरही पाहिले होते. 'उघडू नका' हे चोराचंच वाक्य असतं, असं त्यांच्या कचेरीतले जुने लोक म्हणायचे.

"का नको?"

ऋताने एकदा मागे पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, "माशीमा, तुमच्यात त्या ओटीमध्ये... कधी कधी मोठं काही पण देतात का? म्हणजे, नारळ-तांदळापेक्षा..."

"काय म्हणते ती?" श्यामसुंदरराव पाठीशी येऊन उभे होते. "कबूल करतेय का? करत असेल तर लिहून घ्या. आणि बॅग आत्ता उघडायची नाही हं, मालकांसमोरच. पंचनामा नीट झाला पाहिजे."

ऋताने तोंड मिटलं ते मिटलंच. सुनीतीताईंना त्या क्षणी श्यामसुंदररावांना खिडकीतून बाहेर ढकलावंसं वाटलं. पण त्यांच्या शिस्तीचा एक फायदा होता: धर्मतल्ला येईपर्यंत बॅग बंद राहणार होती.

त्या उठल्या आणि बाकांचे दांडे धरत धरत मागे निघाल्या. मधल्या बाकाशी श्यामलाकाकूंनी हात पुढे केला. "पडशील गं, धर मला." त्यांच्या मनगटाला धरताना सुनीतीताईंची नजर सोन्याच्या बांगडीवर गेली. बांगडीत सेफ्टी पीन होती. एकच.

सुनीतीताई तिथूनच परत फिरल्या आणि आपल्या बाकावर जाऊन बसल्या. सकाळी तीन होत्या. एक हेमाच्या पदराला. एक इथे. तिसरी?

तिसरी त्यांनी पाहिली होती. दुपारी, व्हरांड्यात, अगदी जवळून. खणाच्या त्रिकोणी घडीला लावलेली. घरोघरी खणाची घडी नुसती मोडून आत खोचतात. जन्मात कधी कोणी खणाला पीन लावलेली त्यांनी पाहिली नव्हती. घडीतून काही निसटून पडू नये, अशी भीती असल्याशिवाय कोण कशाला लावेल?

हातातलं संत्रं हातातच राहिलं. नथ ऋताच्या बॅगेत गेली होती, आणि ज्या हातांनी ती तिथे घातली ते हात सुनीतीताईंचेच होते.

५

बस बालीच्या दिशेने वळली. उजेड पिवळा पडू लागला होता. सुनीतीताईंनी हेमाला आपल्या जागेवर पाठवलं आणि स्वतः श्यामलाकाकूंशेजारी बसल्या.

"काकू, नथ तुम्ही काढलीत ना पर्समधून?"

काकूंनी खिडकीबाहेर बघणं सोडलं नाही. "भलतंच काय विचारतेस?"

"आरती परत आली तेव्हा टेबलाशी तुम्ही एकट्याच होतात. पण ते जाऊ दे. मी मघापासून एकाच गोष्टीचा विचार करतेय. चहात साखर जास्त झाली म्हणून तुम्ही हेमाला बोललात, आणि तुमच्या सासूबाईंची नथ हरवली तर नाही बोललात. असं कसं? तिची चूक असती तर तुम्ही बस डोक्यावर घेतली असती. तिची चूक नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तुम्ही गप्प बसलात."

काकूंनी अखेर खिडकीवरून नजर काढली. 

"पर्स नुसती खुर्चीला टांगून गेली. एवढी नथ आत, आणि खुशाल हात धुवायला. म्हटलं, काढून ठेवावी, घरी जाईपर्यंत शोधू दे जरा, म्हणजे अक्कल येईल. खणात ठेवली. खण कोण चोरतो?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "आणि ती ओरडली तेव्हा पिशवीत हात घातला, तर खणच नाही. सुनीती, माझ्या हातून गेली गं नथ. तिला बोलायला मला तोंड कुठे उरलं?"

"हळदीकुंकवाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

काकूंनी विचित्र नजरेने पाहिलं. "कुठे असणार? घाटावर, बाकावर. पिशवी ओझं नको म्हणून टेबलाशीच ठेवली होती. हे गेल्यापासून मी कधी थांबत नाही तिथे, तुला माहितीय."

माहीत होतं. मंडळातल्या बायकांनी दहा वेळा सांगितलं होतं की आता कोणी असलं काही पाळत नाही, काकू, बसा. काकू दर वर्षी हसून बाजूला जात आणि बायका दर वर्षी जाऊ देत. आज त्या तिथे असत्या, तर हेमाने खणाला हात घातल्याबरोबर त्यांनी हेमाचा हात धरला असता.

सुनीतीताईंनी त्यांना सगळं सांगितलं. खण कसा कमी पडला, कोणी काढून दिला, कोणी कोणाच्या ओटीत घातला. ऐकता ऐकता काकूंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "म्हणजे आहे! आहे ना, देवा!" त्यांनी हात जोडले. आणि मग ते जोडलेले हात तसेच थांबले. त्यांची नजर पुढे ऋताच्या पाठीकडे गेली. "अगो बाई. आणि हे तिची बॅग उघडणार."

"हो. त्या मालकासमोर. उघडल्यावर नथ तिच्याच बॅगेत निघणार. मग आपण काहीही सांगितलं तरी लोक म्हणतील, म्हाताऱ्या बायका पोरीला पाठीशी घालतायत. तिला ती आधीच दिसलीय, काकू. तिला वाटलं, आपल्यात देत असतील. आणि मग हेमा ओरडली. तेव्हापासून ती बॅग धरून बसलीय. बोलली तरी चोर, नाही बोलली तरी चोर."

"तू सांग ना सगळ्यांना. म्हणावं, सापडली. खणात कशी गेली ते..." काकू अडखळल्या. बसमध्ये बावीस माणसं होती. आठवड्याभरात सॉल्टलेकपासून बेहालापर्यंत सगळ्या मराठी घरांत ही गोष्ट पोचली असती: सासूने सुनेची नथ लपवली. "ते नाही सांगितलं तर नाही का चालणार?"

सुनीतीताई खोटं बोलू शकल्या असत्या. पण एकतीस वर्षं सामान परत देताना त्यांनी एक पाहिलं होतं, मधला एक दुवा जरी गाळला तरी लोक तिथेच बोट ठेवतात.

"नाही चालणार, काकू. ती घडी कोणी घातली आणि बॅग उघडायच्या आधी कोणी सांगितलं, यावरच त्या पोरीचं सगळं आहे. आणि ते सांगणारं माणूस तुम्हीच."

समोर नदीवरचा पूल दिसू लागला होता.

६

श्यामलाकाकू उठल्या. चालत्या बसमध्ये, एका हाताने सुनीतीताईंचा खांदा धरून, त्या पुढे आल्या आणि त्यांनी ऋतासमोरचा माइक उचलला. तो नक्की कुठल्या बाजूने धरतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. सुनीतीताईंनी फिरवून दिला.

"मी श्यामला," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच मोठा आवाज ऐकून दचकल्या. "नथ कोणी चोरली नाही. हेमाच्या पर्समधून ती मी काढली. तिला धडा शिकवायला. माझ्या हिरव्या खणात ठेवली, वर बांगडीतली पीन लावली. तोच खण, मी तिथे नसताना, तुम्ही या मुलीच्या ओटीत घातलात. ती तिच्याकडे कशी आली ते तिला ठाऊक नाही. तिच्या बॅगेत नारळाखाली खण असेल, खणाला पीन असेल, आणि आत नथ. चूक माझी आहे. तिची नाही आणि हेमाचीही नाही." मग त्यांनी मोडक्या हिंदीत ऋताकडे वळून म्हटलं, "बेटी, खोलो. डरो मत."

सुनीतीताईंनी ते बंगालीत सांगायच्या आत ऋता रडायला लागली होती. तिने चेन उघडली. तांदूळ सांडले, दोन बोरं ड्रायव्हरच्या पायाशी घरंगळली. नारळाखालून हिरवा खण निघाला. पीन जागेवर होती, कडेची घडी तेवढी सैल झाली होती.

"मला कडक काहीतरी लागलं, म्हणून जरासं पाहिलं," ती हुंदके देत बोलत होती, सुनीतीताई भाषांतर करत होत्या. "वाटलं, तुमच्यात नव्या नवरीला देतात. एवढं कशाला, म्हणून मी तुम्हाला विचारणारच होते. तेवढ्यात आरडाओरडा झाला."

श्यामसुंदररावांनी स्वतः पीन काढली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका नीट वर्णन केलेला मुद्देमाल त्यांनी पाहिला नसावा. आत नथ होती, सगळे मोती जागच्या जागी. त्यांनी घसा खाकरला, फोन काढला आणि मालकाला लावला. "आमची वस्तू आमच्याच माणसाकडून चुकून दिली गेली होती. तक्रार मागे. लेखी पाहिजे असेल तर लेखी देतो. आणि ऐका, तुमची गाइड उत्तम आहे. हेही लेखी देतो." मग त्यांनी ऋतासमोर उभं राहून, सगळ्या बसदेखत, "सॉरी" म्हटलं. ते त्यांना फारसं जमलं नाही, पण म्हटलं.

सगळ्या बसने एकदम श्वास सोडला. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आरती रडत होती आणि का रडतेय ते तिला सांगता येत नव्हतं.

ऋताने नथ काकूंपुढे धरली. काकूंनी हात मागे घेतला. "ओटीत घातलेलं परत घेत नाहीत गं."

आता ही नवीनच पंचाईत. पण सुनीतीताईंनी बंगालीत समजावल्यावर ती ऋतानेच सोडवली. तिने आरतीकडून हळदीकुंकवाची कोयरी मागून घेतली, हेमाच्या कपाळाला बोट टेकवलं आणि नथ स्वतःच्या हातांनी तिच्या नाकात अडकवली. "मग ही माझ्याकडून," ती म्हणाली. पहिल्यांदा उलटीच बसली, कारण बंगाली पोरीला ती कुठल्या बाजूने येते ते काय माहीत. सगळे हसले. हेमाने ती सुलटी केली.

मग ऋताने डोळे पुसले, माइक हातात घेतला आणि नाक ओढत म्हणाली, "लहानपणी मला सांगायचे, बर्गी येतात आणि घरातलं सगळं घेऊन जातात. आमच्या आजीला आता सांगावं लागेल. हे बर्गी आपलं सोनं दुसऱ्याच्या पिशवीत घालतात आणि मग बोंब मारतात."

श्यामसुंदरराव सगळ्यांत मोठ्याने हसले.

बस पुलावर चढली. डावीकडे दक्षिणेश्वरचे कळस संध्याकाळच्या उजेडात उभे होते, खाली गंगा. सुनीतीताईंनी उरलेलं संत्रं खाऊन टाकलं. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला काकूंना बाजूला जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. हाताला धरून बसवायचं. एक माणूस बाजूला गेलं की काय घोटाळे होतात ते आज पाहिलं होतं.

मधल्या बाकावर हेमा सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली होती.  ती म्हणाली, "आई, तुम्ही ओरडला नाहीत ना, तेव्हा मला वाटलं, आता तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही."

 काकूंनी बांगडीतली उरलेली एकुलती एक पीन काढली.

"पदर बघ कुठे चाललाय," त्या म्हणाल्या. "सकाळी एक पीन दिली, ती काय शोभेला लावलीस? इकडे वळ. नीट बस. आणि ती नथ आधी काढून माझ्याकडे दे, नाहीतर खिडकीतून गंगेत घालवशील."

"हो, आई," हेमा म्हणाली, आणि इतक्या आनंदाने म्हणाली की काकूंना तिचा जरा संशयच आला.